धाकट्याचं पांघरूण

मास्तरांना मक्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या छात्या आणि कंबरा मोजण्यात घालवलं, आणि म्हातारपणी येऊन राहिले ते अशा उंचावर, जिथं माणसं थोडी आणि दगड उदंड. तिथं मक्याचं एक चाचणी केंद्र होतं. दोन खोल्यांचं घर, पत्र्याची शेड, वजनकाट्याची एक कोंदट खोली, आणि घरामागून डोंगराच्या अंगावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली शेतं. माती इतकी पातळ की कुदळ मारली की आधी ठिणगी निघायची. मास्तरांची सून या केंद्राची प्रमुख होती. प्रमुख तीच, कारकून तीच, आणि शेडमध्ये उंदरांचे सापळे लावणारीही तीच. कामाला खालच्या वस्तीवरून दोन गडी यायचे आणि ऊन कलायच्या आत परत जायचे.

काम म्हटलं तर साधं होतं. ठिकठिकाणच्या केंद्रांनी मक्याचे नवेनवे संकरित वाण तयार केले होते. ते या उंचीवर, या मातीत, या वाऱ्यात तग धरतात का, एवढं बघायचं. आणखी वरच्या वस्त्यांवरची माणसं बापजाद्यांपासून जो मका लावत आली होती, त्याचं कणीस भरायच्या आतच थंडी यायची. चार कणसं धरली तर दोन पोचट निघायची. त्या माणसांना लवकर भरणारा, गारठ्याला न डगमगणारा मका हवा होता.

चाचणीत एक वाण सुनेचा स्वतःचा होता. आई डोंगरातली, बाप सपाटीवरचा, असा संकर तिने कित्येक वर्षं खपून जुळवला होता. कागदावर त्याला आगगाडीच्या डब्यावर असतो तसा लांबलचक नंबर होता. तो मास्तरांच्या जिभेवर काही बसेना. म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं धाकटा. "धाकटा उगवला का गं?" "धाकट्याला पानं किती आली?" असं ते विचारायचे, आणि सूनही "आली की, मामंजी, चांगली बाळसेदार आली," असं गंभीरपणे उत्तर द्यायची. या घरात पाळणा कधी हलला नव्हता. हलायच्या आधीच मास्तरांचा लेक, तिचा नवरा, आजारपणात गेला होता. तेव्हा महिनाभर सुनेला सोबत म्हणून मास्तर शिलाई मशीन घेऊन इथं आले, ते राहिलेच. सोबत कुणाची कुणाला झाली, हे दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही.

पण मास्तरांच्या मनात एक गोष्ट बुटातल्या खड्यासारखी टोचत असायची. सासरा सुनेकडे राहतो तो मुलाच्या नावावर, आणि इथं मुलगाच नव्हता. वर डोंगरात ठीक होतं. कोण विचारतंय? पण हे चाचणीचं शेवटचं वर्ष होतं. धाकटा कसोटीला उतरला तर त्याचं बी वाढवायला सून इथंच राहणार होती. नाही उतरला तर केंद्राला कुलूप आणि तिची बदली खाली, मोठ्या कचेरीत. खाली तिचं माहेर होतं, भाऊ होता, भावजय होती, मैत्रिणी होत्या. त्या सगळ्या गोतावळ्यात हा म्हातारा कुणाचा कोण? मास्तरांनी हे तोंडातून कधी काढलं नाही. दुसऱ्यांच्या खिशांना अस्तरं लावण्यात हयात गेलेला माणूस, स्वतःच्या आतलं उलटून दाखवायची त्यांना सवय नव्हती. तेव्हा धाकटा उतरायला हवा होता, बस्स. सुनेला तो जितका उतरायला हवा होता, त्याहून काकणभर जास्तच मास्तरांना.

आता तुम्ही म्हणाल, चाचणीतल्या मक्याला कसलीही मदत करायची नाही, हा नियम मास्तरांना माहीत नसेल. तर तसं मुळीच नव्हतं. पेरणीनंतर थोड्याच दिवसांत एकदा दुपारी रोपं माना टाकून उभी दिसली म्हणून त्यांनी भांडी विसळलेल्या पाण्याची बादली उचलली होती. सून शेडमधून अशी धावत आली, जणू कुणी तेल ओतायला निघालं होतं.

"मामंजी, नको! लाड करायचे नाहीत यांचे."

"तहानलेल्याला घोटभर पाणी पाजलं तर लाड होतात?"

"होतात. वरच्या वस्तीवर बायका अर्धा डोंगर उतरून पाणी नेतात. त्या ते मक्याला घालतील की पोरांना? जो पाण्यावाचून जगेल तोच त्यांच्या कामाचा. इथं मी पाजून वाढवला आणि तिथं जाऊन तो मेला, तर तो माझ्या भरवशावर मेला ना?"

"बरं बाई," मास्तर म्हणाले आणि बादली गटारात ओतली. त्यांना कळलं होतं. पटलं मात्र नव्हतं, आणि कळणं आणि पटणं यांत केवढं अंतर असतं ते ज्याने कुणी वजन कमी करायचं ठरवलंय त्याला विचारावं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालच्या पायरीवरचा एक मोठा धोंडा दिसायचा. एकदा चहा पिताना सुनेने त्याच्याकडे बोट केलं होतं. "तो बघा, धोंड्याजवळचा वाफा. तो आपला धाकटा." पाच-सहा ओळींचा, लहानशा खोलीएवढा तुकडा तो. त्या दिवसापासून मास्तरांचा सकाळचा चहा त्या खिडकीशीच व्हायचा. वरच्या पायऱ्यांवर ते कधी गेलेच नाहीत. त्यांचे गुडघे त्यांना घरापासून धोंड्यापर्यंत न्यायचे आणि तिथून पुढं साफ नकार द्यायचे. त्यांच्या लेखी चाचणी म्हणजे तो एक वाफा, आणि बाकीचा डोंगर म्हणजे परक्यांची पोरं.

मका गुडघ्याएवढा झाला असेल नसेल, तोच ते घडलं. चाचणीची पाहणी करायला खालून मोठ्या बाई येणार होत्या. सगळ्या केंद्रांवरच्या त्या वरिष्ठ, सुनेला शिकवलंही त्यांनीच. त्यांना घेऊन यायला सून आदल्या दिवशीच खाली गेली होती. तिसऱ्या प्रहरी तिचा फोन आला.

"मामंजी, आज रात्री वर कडाक्याचा गारठा पडणार आहे. दव गोठेल म्हणतायत. तुम्ही जाड स्वेटर घाला आणि शेगडी विझवून झोपा."

"आणि धाकटा?"

"पडू दे," ती म्हणाली. "एवढ्या उशिरा गारठा यावा अशी वाटच बघत होते मी. वरच्या वस्तीवर तो असाच अवेळी येतो. आज त्याची खरी परीक्षा." शब्द धीराचे होते. आवाज मात्र नव्हता. मास्तरांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांचे आवाज ऐकले होते. "छान झालंय हो" म्हणणाऱ्याला सदरा खरंच आवडलाय की नाही, हे त्यांना पाठीमागूनही कळायचं.

फोन ठेवला आणि मास्तर खिडकीशी गेले. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. धाकटा आपला हिरवीगार पानं पसरून ऐटीत उभा होता. पुढ्यात काय वाढून ठेवलंय, याची त्या बिचाऱ्याला गंधवार्ताही नव्हती. मास्तरांनी दोन वेळा स्वतःला बजावलं की लाड करायचे नाहीत. तिसऱ्यांदा बजावेपर्यंत कपाटातले पलंगपोस त्यांच्या हातात होते.

पलंगपोस, खिडक्यांचे पडदे, दोन रिकामी पोती. मास्तरांनी मशीन उजेडात ओढलं आणि सगळं एकमेकांना जोडायला घेतलं. नुसतं टाचून भागलं असतं. पण उघडा काठ सोडून शिवण संपवणं त्यांच्या हाताला जमेना, म्हणून चारी बाजूंनी नीट दुमड घालून टीप मारली. मक्याला काय त्याचं? पण मास्तरांना होतं. मग काठ्या रोवल्या, पानांना कापड टेकू नये म्हणून वर ताण दिला, कडेला दगड ठेवले. उन्हं उतरली तेव्हा वाफा अंगभर झाकला गेला होता. फक्त धोंड्याच्या विरुद्ध बाजूचा एक कोपरा उघडा राहिला. माप चुकलं होतं. आयुष्यात क्वचित चुकायचं, ते आज चुकलं.

घरात आता झाकायच्या कामाचं एकच जाड कापड उरलं होतं. मास्तर ट्रंकेजवळ बसले आणि बराच वेळ तिचं झाकण न उघडता बसून राहिले. आत लेकाचा ओव्हरकोट होता. त्यांनीच शिवलेला, आत जाड लोकरीचं अस्तर लावलेला. लेकाने तो एकच हिवाळा घातला होता. शेवटी त्यांनी कोट काढला, झटकला, आणि बाहेर जाऊन त्या कोपऱ्यातल्या रोपांवर उलगडून घातला. बाह्या दोन्हीकडे नीट सरळ केल्या. "सांभाळ रे," ते म्हणाले. कोटाला म्हणाले की मक्याला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

सकाळी डोंगर पांढरा झाला होता. मास्तर खिडकीशी उभे राहून ऊन खाली उतरायची वाट बघत होते. ऊन धोंड्यापर्यंत आलं तसे ते बाहेर पळाले. पळाले म्हणजे त्यांच्या परीने. आजूबाजूच्या वाफ्यांची पानं काळपट, लिबलिबीत होऊन लोंबत होती, उकडलेल्या भाजीसारखी. एक त्या पलीकडच्या खुज्या, वाकड्यातिकड्या मक्याला तेवढं काही झालेलं दिसत नव्हतं. मास्तर त्याला कुबडा म्हणायचे, आणि हा कुणाच्या पोटी आला असेल असं त्यांना नेहमी वाटायचं. त्यांनी पांघरुणाचं एक टोक उचललं. आत धाकटा होता तसाच होता, हिरवा, टवटवीत. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा रे पठ्ठ्या," असं म्हणून त्यांनी चटकन सगळं काढलं, काठ्या उपटल्या, दगड होते तिथं ठेवले. पांघरूण दवाने ओलंचिंब झालं होतं. ते त्यांनी शेडमागच्या तारेवर वाळत घातलं, शेजारी कोट. मग तोंड धुतलं, केस विंचरले आणि काहीच न केलेल्या माणसासारखे दारात खुर्ची टाकून बसले. काहीच न केलेला माणूस इतका ताठ बसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

जीप आली. मोठ्या बाई उतरल्या. पांढरे केस, पायात मजबूत बूट, गळ्यात चष्मा. मागून त्यांचा एक तरुण मदतनीस, आणि शेवटी सून. रात्रभर झोप नसल्याचं तिच्या तोंडावर दिसत होतं. गेटातून आत शिरताच तिची नजर धोंड्याकडे गेली. ती थबकली. आणि मग तिचा चेहरा असा उजळला की नवरा गेल्यापासून मास्तरांनी तो तसा पाहिला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "बाई, बघा. वाचलाय!"

ती धावतच वाफ्याशी गेली, खाली बसली, एकेक पान हातात घेऊन बघू लागली. मास्तर दारातून बघत राहिले. आपण केलं ते बरोबरच केलं, असं त्यांना त्या घडीला अगदी मनापासून वाटलं, आणि कुणी काही म्हणो, माझाही त्यांना दोष द्यायचा जीव होत नाही.

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "चल, वरचे बघू," आणि तिघं शेडमागच्या वाटेने वर चढली.

मास्तर चहाला लागले. दूध उकळलं, चहा झाला, तरी कुणी खाली येईना. खिडकीतून त्यांना दुसऱ्या पायरीवर तिघांची डोकी दिसली. एका जागी बराच वेळ थांबलेली. मग तिसऱ्या पायरीवर, पुन्हा तसंच. तिथं सून खाली बसली आणि लवकर उठली नाही. परक्यांच्या पोरांपाशी एवढा वेळ काय करतायत, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी चहा पुन्हा गरम केला.

ती खाली आली ती सगळ्यांच्या मागून, सावकाश. मास्तर ट्रे घेऊन धोंड्यापाशी गेले तेव्हा मोठ्या बाई कमरेवर हात ठेवून वाफ्याकडे बघत होत्या.

"चमत्कारिक आहे," त्या म्हणाल्या. "एकच वाण. वरचे दोन्ही वाफे पार जळालेत, आणि हा एक हिरवागार."

"दोन कुठले?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. "धाकट्याचा तर हा एकच."

मदतनीस पोरगा सालस होता. त्याने समजावून सांगितलं. "नाही आजोबा. प्रत्येक वाण तीन ठिकाणी लावतात. चिठ्ठ्या टाकून, वेगवेगळ्या पायऱ्यांवर. म्हणजे एखाद्या जागेच्या नशिबावर निकाल लागत नाही. घरात शितावरून भाताची परीक्षा चालते, शेतात नाही चालत."

मास्तरांनी ट्रे धोंड्यावर ठेवून दिला. तीन. त्यांचा धाकटा वर दोन ठिकाणी रात्रभर उघड्यावर कुडकुडत जळून गेला होता, आणि ते इथं खाली एकाच्या बाह्या सरळ करत बसले होते. करायला गेलो काय आणि झालं काय, एवढंच त्यांच्या मनात आलं. धाकटा उतरला नव्हता. गारठ्यात तो टिकतच नव्हता. टिकली होती ती पलंगपोसांची शिवण.

"या धोंड्यामुळे असेल," मोठ्या बाई विचार करत म्हणाल्या. "दिवसभर तापतो, रात्री ऊब सोडतो. गार हवाही इथून वळून जात असेल." त्यांनी सुनेकडे पाहिलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "एवढी वर्षं राबलीयस. शंकेला जागा आहे, तर तिचा फायदा तुला देता येईल मला. आणखी एक वर्ष ठेवू. बघू पुढच्या हंगामात."

आणखी एक वर्ष! एक वर्ष म्हणजे हे घर, ही खिडकी, हा चहा. कुणी काही बोलायचंही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नुसतं गप्प राहायचं होतं.

सून शेडच्या दिशेने बघत होती. वर जाताना तिने तार पाहिली असणार, उतरताना पुन्हा पाहिली असणार. दोन माणसांच्या घरात एवढं मोठं पांघरूण कशाला लागतं, आणि त्याच्या शेजारी तो कोट का वाळतोय, हे न कळायला ती काही कालची सून नव्हती. तिने मास्तरांकडे एकदाच पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही बाई," ती म्हणाली. "धोंड्याची ऊब नाही. हा वाफा धरू नका. रात्री तो झाकलेला होता."

"झाकलेला? कुणी झाकला?"

तिचे ओठ हलले, पण नाव काही बाहेर पडेना. मास्तरांना ते बघवलं नाही.

"मी," ते म्हणाले. "मी झाकला."

"तुम्हाला माहीत नव्हतं, झाकायचं नसतं ते?"

"माहीत होतं. सूनबाईनं पढवून ठेवलंय. लाड करायचे नाहीत."

"मग?"

मास्तरांनी मान खाली घातली. "राहवलं नाही."

मोठ्या बाई चष्म्यातून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग शेडमागं जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. "काठाला दुमड घातलीय," त्या सुनेला हळूच म्हणाल्या. "चारी बाजूंनी." मग मदतनिसाकडे वळल्या आणि कामाच्या आवाजात बोलू लागल्या. धाकट्याचा नंबर त्यांनी पूर्ण उच्चारला, आणि पुढं म्हणाल्या, बाद. कुबडा तिन्ही ठिकाणी टिकला होता. तो दुसऱ्या केंद्राचा होता, डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा, आणि तो पुढं जाणार होता. त्याचं बी तिकडंच वाढवलं जाणार होतं. चहा गार झाला होता, तरी सगळ्यांनी तो प्यायला.

जीप गेली. गडीही गेले. मास्तरांनी पांघरूण काढून आणलं आणि दाराच्या पायरीवर बसून त्याची टीप उसवायला घेतली. शिवलेलं उसवताना त्यांचा हात कधी नव्हे तो अडखळत होता. थोड्या वेळाने सून आली आणि शेजारी बसली. ऊन कललं होतं, आणि धोंड्याजवळचा हिरवा वाफा अजून तसाच दिमाखात उभा होता.

"रागाव," मास्तर म्हणाले. "मनात ठेवू नकोस."

"रागावलेच होते. वरच्या पायरीवरून इथं येईपर्यंत रागावलेलीच होते." ती समोर बघत बोलत होती. "तुमच्या पांघरुणाच्या जोरावर तो पास झाला असता ना मामंजी, तर वरच्या वस्तीवर गेला असता. आणि पहिल्याच अवेळी गारठ्यात त्यांचं वर्षाचं धान्य गेलं असतं. तिथं कोण पांघरूण घालणार होतं त्याला?"

"खरंय गं. चुकलं माझं."

"त्यांना मका मिळाला, हे चांगलं झालं. कुबडा का होईना." एवढं बोलली आणि तिचा आवाज फुटला. "पण मला वाईट वाटतंय हो. खूप वाईट वाटतंय. एकेक रोप हातानं जोपासलं होतं मी त्याचं." मग ती रडली. पदर, रुमाल काही न घेता, लहान मुलीसारखी रडली. मास्तरांनी उसवलेल्या पलंगपोसाचं टोक तिच्या हातात दिलं, आणि तिने त्याला नाक पुसलं.

ती शांत झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "म्हणजे आता खाली?"

"हो. हंगाम आटोपला की."

मास्तरांनी एक धागा ओढला, तो तुटला. "मी पुतण्याला कळवून ठेवतो. त्याच्याकडे मागं एक खोली आहे. मशीन मावेल एवढी."

"कशाला?"

"राहायला. दुसरं कशाला?" ते हसायला गेले, पण ते काही जमलं नाही. "हे बघ, लेक असता तर गोष्ट वेगळी होती. खाली तुझं माहेर आहे, तुझी माणसं आहेत. उद्या कुणी विचारलं, हे म्हातारे तुझ्याकडे कसे, तर काय सांगशील? लोक नावं ठेवतील तुला. मी तरी कुठल्या नात्यानं यायचं?"

सून त्यांच्याकडे वळली. बघत राहिली. मग तिने धोंड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मास्तरांकडे.

"म्हणून झाकलात?"

मास्तर टीप उसवत राहिले. "तुझं मन मोडू नये म्हणून झाकला. ते खोटं नाही," ते म्हणाले. "पण हेही होतं."

ती अगदी साध्या आवाजात, पानं किती आली सांगावं तशी म्हणाली, "मामंजी, धाकटा तुमचा कोण लागत होता?"

"म्हणजे?"

"म्हणजे रक्ताचा, की नात्यातला? मका तो. कुणी विचारलं असतं, हे म्हातारे या मक्याचे कोण, तर काय सांगितलं असतंत?"

मास्तरांनी धोंड्याजवळच्या हिरव्या वाफ्याकडे पाहिलं.

"तरी लेकाचा कोट काढून घातलात त्याच्या अंगावर," ती म्हणाली. "तर त्याच नात्यानं यायचं खाली."

मास्तरांच्या हातातली कात्री मांडीवर पडली. तिने ती उचलून बाजूला ठेवली, पांघरुणाचं दुसरं टोक स्वतःकडे ओढलं आणि नखाने टीप उसवायला लागली.

"आणि पुतण्याला काही कळवू नका," थोड्या वेळाने ती म्हणाली. "उगाच बिचारा खोली रिकामी करून बसेल."